बाप मोजायचे राहिले

माझी भाची जन्मली त्या दिवशी आईने तिच्याबद्दल काढलेले पहिले शब्द असे होते: "आमच्याकडे असं कुणाचं नाही."

नर्सने बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं होतं आणि दुपट्याची कड मुद्दाम नाकापर्यंत ओढून घेतली होती. आईने एका बोटाने ती कड खाली केली. बाळाचा वरचा ओठ जरा डाव्या बाजूला थेट नाकपुडीपर्यंत उघडा होता. आईने पाहिलं, कड पुन्हा वर सरकवली, ते वाक्य बोलली आणि पर्समधून रुमाल काढून बोट पुसलं.

शेजारी भावजयीची आई उभी होती. त्यांचं घर धायरीच्या पुढे. गाव शहरात आलं, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, घरात दोन गाड्या आल्या, पण बाईंचं बोलणं होतं तसंच राहिलं होतं. त्या घाबरून म्हणाल्या, "गिराणात पोरीनं काय चिरलंबिरलं आसंल. म्या सांगितलं व्हतं तिला, पडून ऱ्हा म्हणून."

"अहो विहीणबाई, ग्रहणाचा काही संबंध नसतो," आई म्हणाली. "हे रक्तातून येतं. आपल्याकडे कुणाला होतं का, ते आपण जरा आठवून पाहा."

एवढ्या अदबीने माझी आई माणसाचं सालपट काढू शकते. ती बँकेत अधिकारी होती. निवृत्त झाल्यावर तिचं वाचन वाढलं. आमच्याकडे ग्रहण पाळत नाहीत, पत्रिका पाहत नाहीत, नवस बोलत नाहीत. अंधश्रद्धा ठेवणाऱ्या बायकांचा तिला मनापासून तिटकारा आहे. एखाद्या सुनेला ग्रहणावरून बोल लावणारी सासू ती अडाणी समजते. तिला स्वतःला बोल लावायचा असेल तर त्याला आधार लागतो.

तो आधार, दुर्दैवाने, माझ्या कामातून मिळाला.

मी संख्याशास्त्रात काम करते. भाची जन्मायच्या आधीपासून मी एका संस्थेत, लहान मुलांचे जन्मजात आजार आणि जनुकं यांचा संबंध शोधणाऱ्या गटात होते. त्यातलं मोठं काम दुभंगलेल्या ओठाचं आणि टाळूचं होतं. शहरातल्या ज्या रुग्णालयात अशा मुलांवर शस्त्रक्रिया होतात, तिथून आम्हाला नमुने यायचे. नावं नसायची. फक्त सांकेतिक क्रमांक, आणि त्यापुढे कुठलं जनुक कुठल्या रूपात आहे ते. मी मुलं पाहत नव्हते, ओळी पाहत होते.

आम्ही शनिवार पेठेत राहतो. वडील गेले, तेव्हापासून फ्लॅटमध्ये आई, मी, भाऊ आणि त्याची बायको. भाऊ माझ्यापेक्षा लहान, हिंजवडीला कंपनीत. त्याने लग्न स्वतःच्या पसंतीने केलं. भावजय एम.कॉम. झालेली, एका सी.ए.च्या ऑफिसात काम करणारी, बोलायला कमी आणि हिशेबाला पक्की. लग्न ठरलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "मुलगी चांगली आहे. घराणं आपण बघायचं नसतं आता, नाही का." माझं लग्न झालं नाही, त्याबद्दलही ती असंच काहीतरी अधूनमधून म्हणते.

भाचीला घरी आणल्यावर पहिले काही महिने दूध पाजण्यातच गेले. टाळूही उघडी होती, त्यामुळे दूध नाकातून बाहेर यायचं. भावजय तिला मांडीवर उभं धरून चमच्याने थेंब थेंब पाजायची. एक वाटी संपायला तास लागायचा. आई समोरच्या खुर्चीत बसून पाहायची. मदत करायची नाही असं नाही. वाटी गरम पाण्यात उकळून द्यायची, रुमाल वाळत घालायची. पण घरी कुणी बाळ बघायला आलं की आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायची आणि सांगायची, "झोपलीय." बारसं केलं नाही. "ओठ शिवू दे, मग करू," असं म्हणाली. ओठ शिवून झाला, तेव्हा म्हणाली, "आता मोठी झाली, आता कसलं बारसं."

ओठाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच रुग्णालयात भावजयीला अभ्यासाबद्दल विचारलं. बाळाची, आईची आणि वडलांची लाळ हवी होती. तिने स्वतःची दिली, बाळाची देऊ दिली. भाऊ त्या दिवशी रुग्णालयाच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. "कॉल आहे माझा, नेक्स्ट टाइम देतो," म्हणाला. नळी आणलेली बाई हो म्हणून निघून गेली. पुढची वेळ आली तेव्हा कुणी त्याच्याकडे मागितलीच नाही, आणि तोही विसरला.

तो एकटाच नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या ओळींत आईचा रकाना भरलेला, मुलाचा भरलेला आणि बापाचा बहुतेक ठिकाणी रिकामा असायचा. बाप कामावर असायचे, गावी असायचे, सुईला घाबरायचे; खरं तर सुई नव्हतीच. एकजण येरवड्याला आत होता. त्याच्या बायकोने आमच्या माणसाला सांगितलं होतं, "ते बाहेर असते तरी आले नसते."

बाप का लागतो, हे मला इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

अशा आजारात जनुक दोन वाटांनी काम करू शकतं. एक वाट म्हणजे बाळाच्या स्वतःच्या शरीरातलं जनुक. ते अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून आलेलं असतं. दुसरी वाट म्हणजे आईचं जनुक. ते बाळाला मिळो न मिळो, आईच्या शरीरात राहून ते गर्भाशयातलं वातावरण बदलतं, आणि बाळ नऊ महिने त्या वातावरणात असतं. आता अडचण अशी, की आजारी मुलांच्या आयांमध्ये एखादं जनुक जास्त सापडलं, तर ते कुठल्या वाटेने आलं? कदाचित दोष मुलाच्या स्वतःच्या जनुकाचा असेल, आणि मुलाने ते आईकडून घेतलेलं असल्यामुळे आईत दिसत असेल. ते ओळखायचा साधा मार्ग म्हणजे बापाकडे पाहणं. दोष मुलाच्या जनुकाचा असेल तर ते बापांमध्येही तितकंच जास्त सापडेल, कारण मुलाने दोघांकडून घेतलंय. फक्त आयांमध्ये जास्त आणि बापांमध्ये नाही, तरच म्हणायचं की ही आईची वाट. गर्भाशय बापाला नसतं. म्हणून बाप ही मोजपट्टी असते.

हे मी आमच्या शल्यचिकित्सकांना सांगितलं होतं. ते या अभ्यासाचे प्रमुख. हात सोन्याचा असलेला माणूस. भाचीचा ओठ त्यांनीच शिवला आणि उत्तम शिवला. पण परिषद जवळ आली होती.

"बापांसाठी किती थांबायचं, मॅडम?" ते म्हणाले. "आया आहेत, मुलं आहेत. निरोगी बाळांच्या आयांचे नमुने आहेत. आयांची आयांशी तुलना करा की."

"केलीय. फरक दिसतो. पण तो आईचाच आहे असं म्हणता येणार नाही."

"दिसतो ना? मग दिसतो असं लिहा."

मी अहवाल लिहिला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की बापांचे नमुने आल्याशिवाय यातून आईचा परिणाम आहे असा अर्थ काढू नये. तो परिच्छेद त्यांनी वाचला असावा, कारण त्यातली शुद्धलेखनाची एक चूक त्यांनी मला दाखवली.

परिषदेहून परत आल्यावर त्यांनी रुग्णालयात पालकांचा मेळावा घेतला. भावजय भाचीला घेऊन गेली आणि आईही निघाली. भाऊ आला नाही. मला तिथे बोलायला सांगितलं नव्हतं, मी मागे उभी होते. आई पहिल्या रांगेत बसली, चष्मा लावून, वर्गात बसावं तशी. भावजय मागे, दाराजवळ, पोर रडली तर बाहेर नेता यावी म्हणून.

डॉक्टरांनी आधी शस्त्रक्रियेचे फोटो दाखवले. मग पडद्यावर ओळ आली: आईच्या जनुकांचा परिणाम.

"म्हणजे कुणाचा दोष आहे असं नाही," ते हसत म्हणाले. "पण आम्हाला असं दिसलंय की काही मातांची जनुकं गर्भाच्या वाढीवर परिणाम करतात. हे फार महत्त्वाचं पाऊल आहे."

त्या सभागृहात बहुतेक बायकाच होत्या. त्यांनी मान खाली घातली, सगळ्यांनी जवळजवळ एकदम. जे थोडे नवरे आले होते ते खुर्चीत सैल झाले. माझ्या पुढच्या रांगेत भाचीच्या तपासण्यांमुळे ओळखीचं झालेलं एक जोडपं होतं. पेठेत बांगड्यांचं दुकान असलेला तो माणूस बायकोला प्रत्येक तपासणीला घेऊन यायचा, लाळही त्याने न सांगता दिली होती. त्याने बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात हळूच काढून आपल्या मांडीवर घेतला. बायकोने ते पाहिलं. मीही पाहिलं.

मेळावा संपल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. "हे असं सांगायचं नव्हतं."

"दोष नाही असं म्हणालो ना मी," ते म्हणाले, आणि कुणाच्या तरी बाळाचा ओठ पाहायला वळले.

घरी परतताना रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. ती समाधानात असली की बोलत नाही. जेवायला बसल्यावर तिने भावाला वाढलं आणि म्हणाली, "आज कळलं बरं का. आईकडून येतं. शास्त्रज्ञांनीच सांगितलं. विहीणबाई उगाच त्या ग्रहणाला बोल लावत होत्या."

"आई, ते अजून पक्कं नाही," मी म्हणाले. "बाप मोजलेच नाहीत त्यात."

"तुझ्या साहेबांनी एवढ्या लोकांसमोर खोटं सांगितलं?"

"खोटं नाही. अर्धं."

"मग उरलेलं अर्धं तू सांग. आपण थांबू." तिने माझ्या पानात कोशिंबीर वाढली.

भावजय भाचीला भरवत होती. तिने वर पाहिलं नाही. भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना, कशाला तेच तेच. टॉपिक चेंज करा." आणि विषय बदलला. त्याच्यासाठी तो त्या दिवशी खरोखरच संपला. त्याच्या चेहऱ्यावर मी एक हलकेपण पाहिलं. वाईट माणूस नाही तो. त्याला फक्त सुटका हवी होती, आणि ती आयती मिळाली.

त्यानंतर घरात ओरडाआरडा कधी झाला नाही. आमच्याकडे तो होत नाही. भाची बोलायला लागली तेव्हा टाळू शिवूनही तिचं बोलणं नाकातून यायचं. 'ब' निघायचा नाही, 'म' निघायचा. बापाला ती 'मामा' म्हणायची. आई हसून म्हणायची, "बरोबर आहे तिचं. तिकडचंच सगळं आलंय, तर मामाच म्हणणार." शेजारच्या बाई भेटल्या तर हळू आवाजात: "नाही हो, आमच्याकडचं नाही. आईकडून येतं ते, आता सिद्ध झालंय. आमच्या मुलीच्याच संस्थेत संशोधन झालं." माझा अभिमान तिने आयुष्यात पहिल्यांदा बाळगला तो असा.

भावजय स्पीच थेरपीला घेऊन जायची, घरी आरशापुढे बसवून फुगे फुगवायला लावायची, ओठ मिटून 'प', 'ब' म्हणून घ्यायची. दाराशी उभी राहून आई म्हणायची, "शिकेल हो. कष्टाळू आहे तुमच्यासारखी." सुनेला ती अहो-जाहो करते. त्यात मान नसतो, अंतर असतं.

एकदा भावजयीने मला विचारलं, "ताई, खरंच माझ्यामुळे झालं का?"

"एका माणसाबद्दल हे सांगताच येत नाही," मी म्हणाले. "हजार जणींमध्ये मिळून एखादा कल दिसतो. तुझ्या एकटीचं उत्तर त्यात नसतं. आणि तो कलही अजून कच्चा आहे."

"माझं उत्तर त्यात नसतं, तर माझी लाळ कशाला घेतली?"

याचं उत्तर मला येत होतं: हजार जणी मोजायला एकेक जण लागते. ते देण्यासारखं नव्हतं.

भाची बालवाडीत जायला लागली आणि भावजयीला पुन्हा दिवस गेले. तिला हवं होतं. भावालाही, सुरुवातीला. त्याने पेढे आणले, आईने ते फ्रिजमध्ये ठेवले.

आठवडाभराने आईने चहाच्या वेळी विषय काढला. आवाज अगदी मऊ होता. "मी काही म्हणत नाही. निर्णय तुमचा. पण एका जिवाचे हाल आपण पाहिले. दुसऱ्याचे बघायचे का, एवढाच विचार करा."

त्या दोघांना मी जनुकांबद्दल सल्ला देणाऱ्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी शांतपणे समजावलं की दुसऱ्या बाळाला असं होण्याची शक्यता थोडी आहे, न होण्याची कितीतरी जास्त. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत ओठ दिसतो. आणि दिसलाच, तरी या मुलीचा शिवला तसा शिवता येतो. भावजय परतताना मोकळी दिसत होती. तिने दुचाकी थांबवून उसाचा रस प्यायला, असं मला भावाने नंतर सांगितलं.

घरी आईने ऐकून घेतलं. "शक्यता थोडी," ती म्हणाली. "पहिल्या वेळीही थोडीच होती ना?"

तिने सगळ्यांच्या कपांत चहा ओतला.

"आणि पाचव्या महिन्यात दिसलं तर तुम्ही काय कराल? तेव्हा ते हलायला लागलेलं असेल. आत्ता काहीच नाहीये. दया कधी करायची ते माणसाला कळायला पाहिजे."

"आई, आईकडून येतं हेच अजून ठरलेलं नाही," मी म्हणाले. "तू ज्याच्या जोरावर बोलतेयस ते टिकेल असं मला वाटत नाही."

"तुला वाटत नाही. तुझं एखादं मूल आहे का, वाटायला?"

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तायडे, तू नको ना पडू यात. रिस्क आहे ती आहे. ती कोणी घ्यायची?"

"ती घेतेय," मी भावजयीकडे बोट दाखवलं. "तिला विचार."

त्याने तिला विचारलं. सगळ्यांसमोर, आईसमोर, चहाचे कप समोर असताना विचारलं. "तुला काय वाटतं?"

भावजय बराच वेळ भाचीकडे बघत राहिली. ती खाली बसून फुगा फुगवत होती आणि हवा नाकातून निघून जात होती. मग भावजय म्हणाली, "माझ्याच पोटात काही असेल तर उगाच कशाला."

रुग्णालयात डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढून तिला एकटीला विचारलं. कुणाचा दबाव आहे का, विचारलं. ती नाही म्हणाली. तिने सही केली. धायरीहून तिची आई आली आणि बाकावर बसून मला म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या हाय. माझ्या लेकीचं प्वाट सडलंय का? मला पाच झाली. येकालाबी काय न्हाई." आई तिच्यासाठी थर्मासमधून चहा ओतत होती. "आपण मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "जनुकं दिसत नाहीत वरून."

भावजय तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेली.

बापांचे नमुने गोळा करायला परवानगी आणि माणसं त्यानंतर मिळाली. पुढच्या एका परिषदेत कुणीतरी डॉक्टरांना माझाच प्रश्न विचारला होता, आणि बाहेरच्या माणसाने विचारल्यावर तो प्रश्न महत्त्वाचा झाला होता. आमच्या गटातली मुलं नळ्या घेऊन घरोघर फिरली. सुट्टीच्या दिवशी जायची, कारखान्याच्या फाटकावर थांबायची. भावाची नळी मी स्वतः घरी आणली आणि रविवारी नाश्त्याला त्याच्या बशीशेजारी ठेवली. पोहे खायच्या आधी थुंकायचं असतं, म्हणून त्याने पोहे बाजूला सारले. नळी भरायला त्याला दोन-चार मिनिटं लागली.

"बस? एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

सगळे बाप घालून गणित पुन्हा केलं, तेव्हा ते जनुक बापांमध्येही आयांइतकंच सापडलं. आई आणि बाप यांच्यात फरक उरला नाही. आईची वाट नव्हतीच, निदान या जनुकापुरती. परिणाम मुलाच्या स्वतःच्या जनुकाचा होता, आणि तो दोघांकडून सारखाच येत होता. मी ते तीन वेगळ्या रीतींनी तपासलं. मला वाटत होतं, कुठेतरी चुकावं. ते चुकलं नाही.

डॉक्टर खूश झाले. "उत्तम. आता पेपर जास्त चांगल्या नियतकालिकात जाईल."

"पालकांना सांगायला हवं," मी म्हणाले. "मेळावा घ्या."

"परत सगळ्यांना बोलवायचं आणि आधीचं चुकलं सांगायचं? गोंधळ उडेल, मॅडम. शस्त्रक्रियेवरचा विश्वास जाईल. आणि त्यांच्या रोजच्या आयुष्यात याने काय फरक पडतो?"

मी बांगड्यांच्या दुकानापाशी गेले. ते मी स्वतःहून केलं, परवानगी न घेता. नमुन्यांबद्दल नव्हे, फक्त निकालाबद्दल बोलले. माणूस गल्ल्यावर एकटाच होता. त्याने सगळं ऐकलं, समजून घेतलं, दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "मुलाला घेऊन ती माहेरी आहे, सोलापूरला. अम्मीने दुसरीकडे बोलणी केलीत माझी. आता हे मी घरात कुणाला सांगू?" आणि आलेल्या गिऱ्हाइकाचा हात दाबून माप बघायला लागला.

घरी मी जेवताना सांगितलं. भावजय भाचीला घेऊन माहेरी गेली होती, तेव्हा आई आणि भाऊच होते. आईने नीट ऐकलं.

"म्हणजे तुमचं गणित दर वर्षी बदलतं," ती म्हणाली. "असल्या शास्त्रावर माणसाने कशाला विसंबायचं."

"तूच विसंबलीस."

"मी विसंबले नाही. मला आधीच माहीत होतं." ती ताक भुरकत म्हणाली.

भावाने पानातला भात संपवला. मग त्याने विचारलं, "पण म्हणजे माझ्याकडून आलंय असं पण नाही ना?"

"तुझ्या एकट्याबद्दल सांगता येत नाही."

"मग झालं तर."

भावजयीला मी मंडईत सांगितलं. शनिवारी आम्ही दोघी भाजी आणायला जातो, तेवढाच वेळ तिला घराबाहेर माझ्याशी बोलायला मिळतो. ती मटार निवडून घेत होती, शेंग दाबून बघत. मी सगळं सांगितलं. बाप मोजले, फरक गेला, आईच्या पोटाचा संबंध नव्हता, कधीच नव्हता. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान सुटल्यासारखा श्वास टाकेल.

तिने मटाराची पिशवी भाजीवाल्याकडे वजनाला दिली. माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा मी पूर्वी कधी न पाहिलेला होता.

"ताई, हे मला कशाला सांगितलंत?"

"तुझ्यावर उगाच आळ आला होता म्हणून."

"आळ होता तोपर्यंत बरं होतं," ती म्हणाली. "माझ्या पोटात खोट आहे, म्हणून मी ते काढून टाकलं, असं म्हणून मी दिवस काढत होते. आता खोट नव्हती म्हणताय. मग मी ते कशासाठी काढलं? सासूबाईंनी चहाला विषय काढला म्हणून?"

भाजीवाला पिशवी पुढे करून उभा होता. तिने ती घेतली, पैसे दिले.

"घरात सांगितलंत?"

"हो. त्यांनी मानलं नाही."

"बरं झालं. आता परत काढू नका. तुम्हाला शपथ नाही घालत, तुम्ही मानत नाही ते. पण काढू नका."

तिने त्याच उन्हाळ्यात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं. नवऱ्याला आदल्या दिवशी सांगितलं. आई म्हणाली, समंजस निर्णय. पेपर छापून आला. त्यात बापांचे नमुने का महत्त्वाचे आहेत यावर एक चांगला परिच्छेद आहे. त्यातला शब्द न शब्द माझा आहे. लेखकांच्या नावांमध्ये मी चौथी आहे.

भाची आता पहिलीत आहे. बोलणं पुष्कळ सुधारलंय, ओठावर फक्त एक बारीक रेघ आहे. परवा इमारतीत नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये ती रेघ पाहून विचारलं, पडली होती का लहानपणी. आई, भावजय, मी, तिघी होतो. आईने तोंड उघडायच्या आत भावजय म्हणाली, "नाही. जन्मतः आहे. माझ्याकडून आलंय."

आईने मान डोलावली. त्या बाई माझ्याकडे बघून ओळख व्हावी तसं हसल्या, आणि मी त्यांना कुठल्या मजल्यावर राहता ते विचारलं.